ख्रिस्ती परंपरेतील खेद आणि पश्चात्ताप : परतफेडीच्या निकषाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हातून चूक घडल्यावर मनाला हळहळ वाटणे ही एक गोष्ट आणि त्या चुकीच्या मार्गावरून मागे फिरणे ही दुसरी गोष्ट. व्यवहारात या दोहोंसाठी पुष्कळदा एकच शब्द वापरला जातो. ख्रिस्ती धर्मविचाराने मात्र आरंभापासून त्यांत भेद केला आहे. पापाच्या परिणामांमुळे होणारे दुःख म्हणजे खेद. पापाविषयीच घृणा उत्पन्न होऊन जीवनाची दिशा बदलणे म्हणजे पश्चात्ताप. तत्त्व म्हणून हा भेद सोपा दिसतो. अडचण येते ती तो ओळखण्यात. समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांतील अश्रू खेदाचे आहेत की पश्चात्तापाचे, हे धर्मगुरूने, समाजाने किंवा खुद्द त्या व्यक्तीने तरी कसे ठरवावे?

हा प्रश्न केवळ ईश्वरशास्त्राचा नाही. ज्या समाजात पापक्षमेला सार्वजनिक महत्त्व होते, तेथे या प्रश्नाच्या उत्तरावर गुलामांचे स्वातंत्र्य, लुबाडलेल्या जमिनीचे भवितव्य आणि सम्राटाची प्रतिष्ठाही अवलंबून होती. वेगवेगळ्या काळांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली गेली. कधी बाह्य आचरणावर भर दिला गेला, तर कधी अंतःकरणातील भावनेवर. या दोन टोकांच्या मध्ये एक निकष मात्र सतत पुढे येत राहिला. तो म्हणजे ज्याचे हिरावून घेतले त्याला ते परत करणे, अर्थात परतफेड. प्रस्तुत लेखात या निकषाचा आधार घेऊन खेद आणि पश्चात्ताप यांतील भेदाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ख्रिस्ती धर्मग्रंथांतील खेद व पश्चात्ताप या संकल्पनांचा शब्दार्थाच्या दृष्टीने विचार करणे.
२. प्राचीन व मध्ययुगीन चर्चने हा भेद ओळखण्यासाठी योजलेल्या निकषांचा आढावा घेणे.
३. बार्तोलोमे दे लास कासास व जॉन न्यूटन यांच्या चरित्रांच्या आधारे परतफेडीच्या निकषाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा तपासणे.

शब्दांचा विचार

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत या संदर्भात दोन शब्दकुळे आढळतात. ‘मेटानोइया’ या शब्दाचा अर्थ मनाचे किंवा बुद्धीचे परिवर्तन असा आहे. ‘मेटामेलोमाइ’ या क्रियापदाचा अर्थ मागाहून वाईट वाटणे, चुटपुट लागणे असा होतो. बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशू यांच्या उपदेशात पहिला शब्द येतो. विश्वासघातानंतर यहूदा इस्कर्योताच्या मनाची जी अवस्था झाली, तिच्यासाठी मत्तयाने दुसरा शब्द वापरला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने दोन प्रकारच्या दुःखांची तुलना केली आहे. देवाला अनुसरून होणारे दुःख माणसाला पश्चात्तापाकडे व तारणाकडे नेते, तर जगाचे दुःख मरणाकडे नेते, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढील काळातील बहुतेक सर्व चर्चेचे मूळ या अध्यायात सापडते.

तथापि केवळ शब्दांवरून हा भेद सिद्ध करता येत नाही. मत्तयाच्याच एकविसाव्या अध्यायात दोन मुलांचा दृष्टांत आहे. द्राक्षमळ्यात जाण्यास प्रथम नकार देऊन नंतर कामाला गेलेल्या मुलासाठी तेथे यहूदाच्या वेळचेच क्रियापद येते, आणि तो मुलगा तर अनुकरणीय ठरला आहे. शब्द तोच, परंतु एक जण कामाला गेला आणि दुसरा मृत्यूकडे गेला. म्हणजे ग्रंथकर्त्याच्या दृष्टीनेही निर्णायक ठरते ती नंतरची कृती.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ही बाब अधिक स्पष्ट आहे. संदेष्ट्यांचा आवडता शब्द ‘शूब’ हा असून त्याचा सरळ अर्थ ‘परत फिरणे’ असा आहे. वाट चुकलेला माणूस ज्याप्रमाणे मागे वळतो, त्याप्रमाणे इस्राएलाने देवाकडे वळावे, अशी ही प्रतिमा आहे. तिच्यात भावनेपेक्षा चालण्याला महत्त्व आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात योहानाला लोक ‘आम्ही काय करावे’ असे विचारतात, तेव्हा त्याची उत्तरे याच वळणाची आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायांनी कोणाला लुबाडू नये. एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे जाहीर करतो. तो रडल्याचा उल्लेख तेथे नाही.

यहूदा आणि पेत्र : निकषाची पहिली कसोटी

परतफेड हाच पश्चात्तापाचा पुरावा मानला तर यहूदाचे उदाहरण मोठी अडचण उभी करते. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायानुसार यहूदाला आपल्या कृत्याचे दुःख झाले. निर्दोष माणसाला धरून देऊन आपण पाप केले, असे त्याने मुख्य याजकांसमोर उघड सांगितले. घेतलेली तीस रुप्याची नाणीही त्याने परत केली. दुःख, कबुली आणि परतफेड या पुढे चर्चने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी येथे दिसतात. तरीही ख्रिस्ती परंपरेने यहूदाला निष्फळ खेदाचे, तर पेत्राला खऱ्या पश्चात्तापाचे उदाहरण मानले. पेत्राने तर तीन वेळा येशूला नाकारले होते, आणि त्यानंतर तो केवळ रडला. ‘मेटानोइया’ हा शब्द त्या प्रसंगी त्याच्याबाबतही आलेला नाही.

या विसंगतीचे परंपरेने दिलेले उत्तर निराशेशी निगडित आहे. यहूदाने क्षमेची आशा सोडली आणि आत्मनाश केला, पेत्राने ती सोडली नाही. या उत्तराला आणखी एका निरीक्षणाची जोड देता येते. यहूदाने पैसे परत केले ते ज्यांच्याकडून घेतले होते त्यांना. ज्याच्यावर अन्याय झाला होता त्याच्याकडे तो गेला नाही. याजकांनीही ‘आम्हांला त्याचे काय’ अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याला झिडकारले. पेत्र मात्र शिष्यांमध्ये राहिला. योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटच्या अध्यायात त्याला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले जाते आणि मेंढरांची जबाबदारी सोपवली जाते. तीन नकारांना तीन होकारांनी दिलेला हा प्रतिसाद आहे. यावरून असे म्हणता येते की, परतफेड म्हणजे केवळ नको झालेली वस्तू टाकून देणे नव्हे. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे ती वळलेली असावी लागते.

प्राचीन चर्च : सार्वजनिक प्रायश्चित्त

पहिल्या काही शतकांत बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या गंभीर पापासाठी सार्वजनिक प्रायश्चित्ताची पद्धत होती. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी तर्तुलियन याने या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अशी संधी आयुष्यात एकदाच मिळते, असे त्याचे मत होते. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी भीतीने देवतांना बली अर्पण केले. छळ संपल्यावर त्यांना चर्चमध्ये परत कसे घ्यावे, यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन याला सविस्तर विचार करावा लागला. घाईने दिलेली क्षमा पापी माणसाला बरे करीत नाही, ही त्याची भूमिका होती.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इ. स. ३९० मधील सम्राट थिओडोसियसचे प्रायश्चित्त. थेस्सलोनिका येथे जमावाने एका सेनाधिकाऱ्याची हत्या केली. त्याचा सूड म्हणून सम्राटाच्या सैनिकांनी नागरिकांची कत्तल केली. थिओडोरेट या पाचव्या शतकातील इतिहासकाराने मृतांची संख्या सात हजार दिली आहे. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला खाजगी पत्र लिहून राजा दावीदाच्या प्रायश्चित्ताचे स्मरण करून दिले आणि आपण त्याच्या उपस्थितीत अर्पणविधी करू शकत नाही असे कळवले. बिशपने सम्राटाला चर्चच्या दारात अडवल्याचे नाट्यपूर्ण वर्णन नंतरचे आहे. मूळ पत्राचा सूर संयमी आहे. सम्राटाने राजचिन्हे बाजूला ठेवून प्रायश्चित्त घेतले. मृत्युदंडाचा निर्णय व त्याची अंमलबजावणी यांत तीस दिवसांचे अंतर असावे, हा कायदा चर्चच्या इतिहासकारांनी याच प्रसंगाशी जोडला आहे. मृतांना परत आणणे अशक्य होते. परंतु ज्या रागाने ते मेले, त्या रागाला पुन्हा वाव मिळू नये अशी तजवीज करणे शक्य होते. या कथेचे महत्त्व सम्राटाच्या अश्रूंपेक्षा त्या तीस दिवसांत आहे.

परतफेडीचा नियम स्पष्ट शब्दांत मांडला तो ऑगस्टीनने. मॅसिडोनियस या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, ज्या परक्या वस्तूसाठी पाप घडले ती परत करणे शक्य असूनही परत केली नाही, तर तो पश्चात्ताप नसून पश्चात्तापाचे सोंग आहे. बाराव्या शतकात ग्रेशियनने संकलित केलेल्या धर्मविधीत हे मत समाविष्ट झाले. पोप आठवा बोनिफेस याच्या इ. स. १२९८ च्या संहितेत त्याला कायद्याच्या सूत्राचे रूप मिळाले.

मध्ययुग : प्रेम की भय?

सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतून खाजगी पापनिवेदनाची पद्धत युरोपात पसरली. तिच्याबरोबर प्रायश्चित्तांच्या संहिता आल्या. कोणत्या पापाला किती दिवसांचा उपास, याची त्यांत यादी असे. या पद्धतीमुळे सामान्य माणसाला पुन:पुन्हा प्रायश्चित्त घेणे शक्य झाले. मात्र पापाची किंमत मोजून मोकळे होण्याची वृत्तीही त्यातून बळावली.

या बाह्यतेविरुद्ध बाराव्या शतकात पीटर अबेलार्डने अंतःकरणाचा पक्ष घेतला. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तो देवावरील प्रेमातून येणारे दुःख आणि नरकाच्या भयातून येणारे दुःख यांत काटेकोर भेद करतो. तेथे त्याने मरणाच्या दारात आक्रोश करणाऱ्या धनिकाचे चित्र रेखाटले आहे. धर्मगुरू त्याला लुबाडलेले परत करण्यास सांगतो, तेव्हा बायकामुलांनी मग काय खावे, असा प्रश्न तो विचारतो. अबेलार्डच्या मते या माणसाला पापाचे नव्हे, तर शिक्षेचे दुःख आहे. अंतःकरणाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असलेला हा विचारवंतदेखील खोटेपणा ओळखण्यासाठी परतफेडीकडेच वळतो, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याच शतकात पीटर लोम्बार्डच्या ग्रंथामुळे हृदयाचा अनुताप, मुखाची कबुली आणि कृतीने भरपाई अशी तीन अंगांची मांडणी रूढ झाली. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करणे बंधनकारक केले. त्यामुळे एक व्यावहारिक प्रश्न तीव्र झाला. निव्वळ भीतीने आलेल्या माणसाला पापक्षमा द्यावी काय? प्रेमजन्य दुःखाला ‘कॉन्ट्रिशियो’ आणि त्याहून उण्या, बहुधा भयजन्य, दुःखाला ‘ॲट्रिशियो’ अशा संज्ञा तयार झाल्या. इ. स. १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने असा निर्णय दिला की, अपूर्ण दुःख हीसुद्धा देवाची देणगी असून ते माणसाला संस्काराद्वारे कृपा मिळवण्यास तयार करते. तरीही वाद शमला नाही. अखेर इ. स. १६६७ मध्ये पोप सातवा अलेक्झांडर याने दोन्ही पक्षांना परस्परांवर दोषारोप करण्यास मनाई केली. शतकानुशतके चाललेला हा वाद निकाली न निघण्याचे कारण उघड आहे. दुःखामागील हेतू डोळ्यांना दिसत नाही. धर्मविधीने भयाला सवलत दिली, पण परतफेडीला सवलत दिली नाही, यामागील शहाणपण येथे ध्यानात येते.

ल्यूथर आणि ‘पश्चात्ताप करणे’

येशूच्या मूळ हाकेचे जेरोमच्या लॅटिन भाषांतरात जे शब्द आले, त्यांचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असाही घेता येत असे. पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाला याने आणि इ. स. १५१६ मध्ये ग्रीक नवा करार प्रसिद्ध करणाऱ्या इरॅस्मसने मूळ ग्रीक शब्दाकडे लक्ष वेधले. मार्टिन ल्यूथरने मे १५१८ मध्ये आपला वरिष्ठ श्टाउपित्झ याला लिहिलेल्या पत्रात या भाषिक शोधाचा आपल्यावर झालेला परिणाम वर्णिला आहे. पश्चात्ताप म्हणजे ठरावीक विधी नसून मनाचे परिवर्तन आहे, हे त्याला त्यातून उमगले.

इ. स. १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधसूत्रांचा आरंभ याच विषयाने होतो. ख्रिस्ती माणसाचे संपूर्ण जीवन पश्चात्ताप असावे, हे पहिले सूत्र सर्वपरिचित आहे. पापमुक्तिपत्रांच्या विक्रीच्या सूचनांत असे सांगितले होते की, मृतात्म्यांसाठी पत्र घेणाऱ्याला स्वतःच्या अनुतापाची गरज नाही. पस्तिसाव्या सूत्रात ल्यूथर त्यावर प्रहार करतो. मात्र त्याचे तिसरे सूत्र तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. केवळ आंतरिक पश्चात्ताप पुरेसा नाही आणि बाहेर त्याचा परिणाम दिसत नसेल तर तो शून्यवत आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ‘बाह्य कृतीचा कॅथोलिक आणि अंतःकरणाचा प्रॉटेस्टंट’ ही ढोबळ विभागणी मूळ दस्तऐवजाला धरून नाही.

लास कासास : पापनिवेदनाच्या आसनावरून न्यायाची मागणी

परतफेडीच्या निकषाची सर्वांत कठोर कसोटी सोळाव्या शतकातील स्पॅनिश अमेरिकेत लागली. बार्तोलोमे दे लास कासास इ. स. १५०२ मध्ये हिस्पॅनिओला बेटावर आला. पुढे तो धर्मगुरू झाला, तरी एन्कोमिएंडा पद्धतीनुसार वाट्याला आलेल्या मूळ रहिवाशांच्या श्रमावर त्याची शेती चालत असे. २१ डिसेंबर १५११ रोजी अँतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने सांतो दोमिंगो येथील प्रवचनात वसाहतवाल्यांना जाहीरपणे जाब विचारला. त्या काळात एका डोमिनिकन धर्मगुरूने खुद्द लास कासासला पापक्षमा नाकारली होती, असे त्यानेच नमूद केले आहे. त्या वेळी त्याला ते पटले नाही आणि गुलामांसारखे राबणारे लोक त्याच्याकडे तसेच राहिले.

इ. स. १५१४ मध्ये क्यूबात प्रवचनाची तयारी करताना त्याच्या वाचनात सिराखच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय आला. अन्यायाने मिळवलेल्या वस्तूचे अर्पण देवाला मान्य नाही आणि गरिबाची भाकरी हिरावणारा त्याचा जीवच घेतो, असा त्याचा आशय आहे. या वाचनाने तो अस्वस्थ झाला. त्याने गव्हर्नर वेलास्केसकडे जाऊन आपल्या ताब्यातील लोकांचा त्याग करीत असल्याचे सांगितले आणि १५ ऑगस्टच्या प्रवचनात ते जाहीर केले. आपल्याजवळचे लोक सोडल्याशिवाय इतरांना उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे त्याने ओळखले होते.

चियापासचा बिशप म्हणून इ. स. १५४५ मध्ये तो आपल्या धर्मप्रांतात पोचला, तेव्हा त्याने हाच निकष इतरांना लावला. मूळ रहिवाशांना गुलाम म्हणून ठेवणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये, असा आदेश त्याने धर्मगुरूंना दिला. वसाहतीत प्रचंड क्षोभ उसळला. पुढे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्याने बारा नियम तयार केले. ते इ. स. १५५२ मध्ये सेव्हिल येथे छापले गेले. त्यांनुसार मरणासन्न विजेत्याने कबुलीपूर्वी नोटरीला बोलवावे, आपल्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा पूर्ण अधिकार धर्मगुरूला लेखी द्यावा, ती मालमत्ता मूळ रहिवाशांकडून आल्याचे मान्य करावे आणि गुलामांना तत्काळ मुक्त करावे, अशी अट होती. मुलांसाठी काही उरले नाही तरी हरकत नव्हती. अबेलार्डच्या धनिकाच्या प्रश्नाला चारशे वर्षांनी दिलेले हे उत्तर होय.

या नियमांतून स्पेनच्या सत्तेच्या वैधतेवरच प्रश्नचिन्ह उभे राहते, हे विरोधकांच्या लक्षात आले. इ. स. १५४८ मध्ये त्याच्या हस्तलिखित प्रती गोळा करण्याची राजाज्ञा निघाली. तरी त्यांचा प्रभाव पुसला गेला नाही. गिलेर्मो लोहमान विलेना या इतिहासकाराने इ. स. १९६६ मध्ये पेरूमधील विजेत्यांच्या व एन्कोमिएंडाधारकांच्या परतफेडीच्या दस्तऐवजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ रहिवाशांना मालमत्ता परत करण्याच्या तरतुदी तेथील लोकांनी खरोखर केल्या होत्या, हे त्यातून पुढे आले. या तरतुदींमागे प्रेम होते की नरकाचे भय, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. परंतु ज्यांना त्यांतून काही मिळाले, त्यांच्या दृष्टीने हा फरक गौण होता.

लास कासासच्या चरित्रात या निकषाची मर्यादाही दिसते. मूळ रहिवाशांचा भार कमी व्हावा म्हणून इ. स. १५१६ व त्यानंतरच्या निवेदनांत त्याने आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती. ही गुलामगिरी त्याने सुरू केली नव्हती. ती त्यापूर्वीच अस्तित्वात होती. तथापि त्याने तिला पाठिंबा दिला. आफ्रिकी लोकांनाही तितक्याच अन्यायाने पकडले जाते हे पुढे समजल्यावर त्याने आपल्या ‘इंडीजचा इतिहास’ या ग्रंथात स्वतःला दोषी ठरवले. आपले अज्ञान आणि सद्हेतू देवाच्या न्यायासनासमोर पुरेसे ठरतील याची आपल्याला खात्री नाही, असे त्याने लिहिले. पण हा ग्रंथ चाळीस वर्षे प्रसिद्ध करू नये, अशी सूचना त्याने इ. स. १५५९ मध्ये केली आणि प्रत्यक्षात तो छापला गेला इ. स. १८७५-७६ मध्ये. आपल्या ताब्यातील मूळ रहिवाशांच्या बाबतीत त्याला काही सोडून देता आले. आफ्रिकी गुलामांच्या बाबतीत त्याच्या हातात सोडून देण्यासारखे काही नव्हते आणि त्याची कबुलीही तीन शतके बंद राहिली. खेद कोठे संपतो आणि पश्चात्ताप कोठे सुरू होतो, याचे इतके स्पष्ट आणि इतके अवघड उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

जॉन न्यूटन : चाळीस वर्षांचे अंतर

‘अमेझिंग ग्रेस’ या स्तोत्राचा कर्ता जॉन न्यूटन याचे उदाहरण धर्मोपदेशात वारंवार दिले जाते. मार्च १७४८ मधील समुद्री वादळात त्याने देवाचा धावा केला आणि तेथून त्याचे परिवर्तन सुरू झाले, हा भाग सर्वज्ञात आहे. त्यानंतरचा कालक्रम मात्र अधिक बोलका आहे. याच परिवर्तनानंतर तो गुलामवाहू जहाजावर अधिकारी म्हणून गेला. इ. स. १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने अशा तीन सफरी केल्या. हा व्यवसाय सुटला तो आजारपणामुळे. इ. स. १७६४ मध्ये तो धर्मगुरू झाला. शिवराळपणा, स्वैर वर्तन आणि नास्तिकता यांबद्दल त्याने तीव्र दुःख व्यक्त केले होते. माणसांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका प्रसिद्ध झाली ती इ. स. १७८८ मध्ये.

या चाळीस वर्षांचा अर्थ ढोंगीपणा असा लावणे अन्यायाचे ठरेल. ज्या समाजात गुलामांचा व्यापार प्रतिष्ठित मानला जात होता, तेथे त्याच्या सदसद्विवेकाला ते पाप म्हणून दिसलेच नाही. म्हणजे पश्चात्ताप हा जेवढा इच्छाशक्तीचा, तेवढाच दृष्टीचाही प्रश्न आहे. जे पाप वाटत नाही, त्यापासून मागे फिरता येत नाही. इ. स. १७८८ च्या पुस्तिकेत त्याने आपली कबुली फार उशिरा येत असल्याचे मान्य केले आणि जहाजावर प्रत्यक्ष पाहिलेल्या क्रौर्याची साक्ष दिली. ब्रिटिश संसदेच्या समितीसमोरही त्याने निवेदन केले. ज्यांना त्याने वाहून नेले, त्यांना तो काही परत देऊ शकत नव्हता. त्याच्याजवळ उरली होती ती माहिती, आणि ती त्याने व्यापार बंद करण्यासाठी वापरली. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश गुलाम-व्यापाराच्या बंदीचा कायदा मंजूर झाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटनचे निधन झाले.

सामूहिक पश्चात्तापाचा प्रश्न

विसाव्या शतकात हा भेद व्यक्तीपुरता मर्यादित राहिला नाही. जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर याने इ. स. १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पश्चात्तापावाचून दिल्या जाणाऱ्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले. युद्धानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रॉटेस्टंट नेत्यांनी श्टुटगार्ट येथे दोषाची कबुली दिली. आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, असे तिच्यात म्हटले होते. मात्र यहुदी लोकांचा नामोल्लेख तिच्यात नव्हता. तो इ. स. १९५० च्या बर्लिन-वायसेनझे येथील धर्मसभेच्या निवेदनात आला. यहूदाच्या उदाहरणातून निघालेला मुद्दा येथे पुन्हा समोर येतो. कबुली कोणाविरुद्धच्या अपराधाची आहे, हे स्पष्ट होत नाही तोवर ती स्वतःभोवतीच फिरत राहते.

मराठी शब्दाचे वळण

मराठी ख्रिस्ती साहित्यात ‘मेटानोइया’साठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ आहे. संस्कृत व्युत्पत्तीनुसार त्याचा अर्थ ‘मागाहून होणारा ताप’ असा आहे. म्हणजे अर्थाच्या दृष्टीने तो ग्रीकमधील दुसऱ्या, खेदवाचक शब्दाच्या अधिक जवळ जातो. बोलीतील ‘पस्तावा’ हा तर याच शब्दाचा तद्भव. ग्रीकमध्ये दोन मुळांतून आलेल्या कल्पना मराठीत एकाच मुळातून आल्यामुळे त्यांतील भेद शब्दाने नव्हे, तर विवरणाने दाखवावा लागतो.

हे विवरण मराठी वाचकाला परके नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापनिवारणाच्या साधनांत उघड कबुली व अनुताप यांची गणना केली असून, पुन्हा तसे न करण्याच्या निश्चयाने निवृत्त होणाऱ्याला शुद्ध मानले आहे. संत एकनाथांनीही अनुतापाला साधनेत महत्त्वाचे स्थान दिले. दोन परंपरांची ईश्वरविषयक भूमिका भिन्न आहे, तेव्हा त्यांचे सरळ समीकरण मांडणे योग्य होणार नाही. परंतु निवृत्तीवाचून ताप व्यर्थ आहे, ही जाणीव दोन्हींकडे आढळते.

निष्कर्ष

१. खेद व पश्चात्ताप यांतील भेद नव्या करारात आहे, परंतु तो केवळ ग्रीक शब्दांच्या निवडीवर उभा नाही. कृतीची दिशा हा त्याचा खरा आधार आहे.

२. प्रेमजन्य की भयजन्य, हा मध्ययुगीन वाद हेतूसंबंधी असल्यामुळे अनिर्णित राहिला. याउलट परतफेडीचा निकष ऑगस्टीनपासून लास कासासपर्यंत टिकून राहिला, कारण तो पाहता व तपासता येतो.

३. परतफेड आवश्यक असली तरी पुरेशी नाही. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे ती वळलेली असावी लागते, हे यहूदाच्या उदाहरणावरून दिसते. जेथे वस्तू परत करणे अशक्य असते, तेथे थिओडोसियसचा कायदा किंवा न्यूटनची साक्ष यांप्रमाणे अन्यायाची पुनरावृत्ती रोखणारी कृती तिची जागा घेऊ शकते.

४. प्रत्येक काळाला आपले काही अपराध दिसत नाहीत. त्यामुळे प्रामाणिक पश्चात्तापही अपूर्ण राहू शकतो. लास कासास व न्यूटन या दोघांची चरित्रे याची साक्ष देतात.

इतिहासकाराला कोणाच्या अंतःकरणात डोकावता येत नाही. त्याच्यासमोर असतात ती मृत्युपत्रे, कायदे, निवेदने आणि त्यांवरील तारखा. परंतु ज्या परंपरेने हिरावलेले परत केल्याखेरीज क्षमा नाही असे म्हटले, तिने नकळत इतिहासालाही एक मोजमाप देऊन ठेवले आहे. एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या दुःखप्रदर्शनाचा अभ्यास करताना, त्या दुःखानंतर कोणाला काय परत मिळाले, हा प्रश्न विचारणे म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही.